कुकरमध्ये शिजवलेली बोट

पालघर जिल्ह्यात माझ्याइतकी जहाजं कुणाकडे नाहीत. मुरबे बंदराचे बोटमालक एक बोट बांधतात आणि जन्मभर तिचंच कौतुक सांगतात. माझ्या सरावली गावातल्या खोलीत अख्खं आरमार उभं आहे. टीव्हीवर शिडाची गलबतं, फ्रिजवर पडाव, आणि कपाटावरच्या युद्धनौकेची डोलकाठी इतकी उंच की पंखा लावायची सोय नाही. बायको म्हणते, उकडतं. आता आरमार म्हटलं की घरात कुणीतरी घाम गाळणारच.

लाकूड बोईसरच्या एमआयडीसीतलं. आमच्या कारखान्यात यंत्रं पाइनच्या खोक्यांतून येतात. रिकामी खोकी मी साहेबांना विचारून घरी आणतो, पट्ट्या काढतो, घासतो आणि कुकरमध्ये वाफवतो. तीन शिट्ट्यांत पट्टी शेवग्याच्या शेंगेसारखी वाकते. मग त्याच कुकरात डाळ शिजते. पाहुणे बायकोला विचारतात, वहिनी, कुठला मसाला?

एवढा मोठा दर्यावर्दी असूनही मी डोंगरातला, जव्हारकडचा. समुद्राशी ओळख लग्नात झाली. सासरे मुरब्याचे, भरतीलासुद्धा दबकून यायला लावतील असे. त्यांच्या बोटीत मला एकदाच बसवलं होतं. बोट बंदराला बांधलेलीच होती, तरी मी ओकलो. तेव्हापासून सासरवाडीत माझी गणती सुकवायला टाकलेल्या बोंबलांच्या खालोखाल.

मग सासऱ्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी बोट विकली. त्यानंतर नारळी पुनवेला ते घराबाहेर पडेनात. त्या दिवशी सगळं गाव बोटी सजवतं, पुजतं, समुद्राला नारळ देतं. हे मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचे. कुणी हात धरला तर म्हणायचे, "ज्याची बोट नाय, त्याचा कसला नारल?" सासूबाई वर्षभर गावाला ऐकू जाईल इतकं बोलतात, पण त्या दिवशी त्याही गप्प.

मी जेवताना सासऱ्यांबद्दल जाहीर केलं, "या पुनवेला मामा नारळ देणार."

बायको म्हणाली, "अहो, ते माझ्या भावाचं ऐकत नाहीत."

"ऐकायला कोण सांगतंय? मी त्यांना बोट देतो."

त्यांच्या विकलेल्या बोटीचा एकच फोटो होता, आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये. त्यात निम्म्या बोटीसमोर मीच छाती काढून उभा. त्यामुळे निम्मी बोट फोटोवरून बांधली आणि निम्मी माझ्या प्रतिभेतून. हातभर लांब, केबिन, डोलकाठी, दोऱ्याचं जाळं, सगळं जागच्या जागी. चाळीतल्या पाण्याच्या ड्रममध्ये ती पहिल्यांदा सोडली, तशी ती थाटात आडवी झाली आणि मग उलटी. बुडाच्या पट्टीवर खोक्यावरचं ‘भिजवू नका’ सांगणारं छत्रीचं चित्र तसंच राहिलं होतं, ते वर आलं.

शेजारचा बिहारचा फिटर दात घासता घासता म्हणाला, "भैया, छाता भी लगाया, फिर भी भीग गई."

मी त्याला समजावलं की मोठी जहाजं आधी अशीच तपासतात. मग बायकोकडून हे कळताच सासूबाईंनी सासऱ्यांच्या नकळत, सुक्या मासळीच्या डब्यात लपवून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या पाठवल्या. त्या तळाला बसवल्या आणि बोट अशी उभी राहिली, की ड्रमलाच तिचा आधार वाटावा.

पुनवेला बोट सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी तर्जनी केबिनच्या कडेवरून फिरवली.

"केबिन तिरकी हाय."

"मामा, पूजेला चला."

"सुकी बोट पूजत नाय. पान्यात घाल जा तू."

"मग तुम्ही?"

"मी कडेला बसतो. जावय पडला तर धरायला कोन तरी पायजे."

एवढ्यावर ते काठी टेकत निघाले. पण बंदराच्या कठड्यावर बसले ते हात मांडीखाली घालून, म्हणजे कुणी हातात नारळ द्यायला नको. मी घोट्याइतक्या पाण्यात उतरलो. माझ्या धाडसाची खोली तेवढीच आहे. बोट सोडली आणि ती तरंगली. आजूबाजूच्या खऱ्या बोटी लाजल्या असाव्यात, कारण त्या लगेच हलायला लागल्या.

सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. त्यांच्या घरची रीत अशी, की नारळ आधी बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर टेकवायचा आणि मग समुद्राला द्यायचा. खऱ्या बोटीवर नारळ म्हणजे गालावरचा तीळ. माझ्या बोटीवर तो म्हणजे पाळण्यात बसलेला रेडा. नाळ पाण्यात गेली, शेपूट आभाळात, आणि ओहोटी तिला घेऊन निघाली.

मी सगळ्यात शूर माणसासारखा ओरडलो, "मामा!"

काठी कठड्यावर राहिली. म्हातारा कंबरेइतक्या पाण्यात कधी पोचला ते कुणाला कळलं नाही. एका हाताने त्यांनी बोट पकडली, दुसऱ्याने नारळ उचलला.

"हिच्या नाळेवर नारल ठेवतात? अक्कल कुटं सुकत घातली?"

"तुमचीच रीत हाय ती," सासूबाई काठावरून म्हणाल्या. "माज्यावर कशाला उखडता?"

एका हातात बोट, एका हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, आणि शेजारच्या बोटींवरचे सगळे मालक बघतायत. त्यांतला एक म्हणाला, "दे रे, आमी कवाचे थांबलोय तुज्यासाटी."

सासऱ्यांनी नारळ कपाळाला लावला आणि पाण्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग कितीतरी वेळ तो जातो तिकडे बघत राहिले.

नारळ बोटीवरच ठेवायला मीच सांगितलं होतं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. सासूबाई हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

"अवो, भायेर या आता, गुडगं धरतील," त्या तेव्हा काठावरून हाका मारत होत्या.

"बोट पान्यात हाय माजी," सासरे म्हणाले, आणि बोटीच्या हारातलं पाणी निथळवत, तिला हाताला धरून, काठाकाठाने पुढच्या बोटवाल्याला दाखवायला निघाले.