फाटकापाशी ठेवलेली वाइन

वर्ध्यात दारूबंदी. म्हणून नवऱ्याच्या नागपूरच्या मित्राने भारीतली लाल वाइन पाण्याच्या दोन प्लास्टिक बाटल्यांत भरून आणली. जेवण निवांत चाललं होतं. सूप झालं, पाटोडी झाली, आणि हा गडी वाइनमध्ये केवढा दम आहे तेच सांगत बसलेला. मटण वाढण्याआधी बाटल्या आणायला मी ओट्यापाशी गेले, तर बाटल्या गायब!

"त्या लाल पाण्याच्या? फाटकापाशी ठेवल्या मी," सासूबाई म्हणाल्या. "मले वाटलं, कुत्र्यांसाठी कुंकू कालवून ठेवलं तू."

कुत्र्यांनी फाटक घाण करू नये म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवतात, हे खरं. पण म्हणून ही वाइन? वास तरी घ्यायचा ना!

आम्ही सगळे बाहेर धावलो. बाटल्या जागेवर होत्या. गल्लीतलं पिवळं कुत्रं त्यातल्या एकीवर आरामात तंगडी वर करून उभं होतं. मित्राचा चेहरा पांढराफटक पडला.

सासूबाईंनी चप्पल भिरकावली आणि माझ्याकडे वळल्या.

"तुया पाण्यात काई दम नाई बाई. कुत्रंसुद्धा भेऊन नाई राह्यलं."