भाकरीचा किल्ला

जैसलमेरचा किल्ला ज्यानं बांधला असेल, त्यालासुद्धा त्याची आमच्या पलूसच्या काकांइतकी माहिती नसेल. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लष्करात ट्रक चालवून एकाहत्तरच्या लढाईनंतर ते ऊसशेतीला परतले, ते वाळवंटातलं ते एवढंसं गाव डोक्यात घेऊनच. जेवायला बसले की भाकरी तांब्याला टेकवून उभी करत. हा किल्ला. आमटीची वाटी म्हणजे तलाव, चटणीचा ढीग म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि लिंबाची फोड म्हणजे सावकाराची नक्षीदार हवेली. ही सगळी प्रेक्षणीय स्थळं बघून होईपर्यंत पाहुण्यानं वाटीला हात लावायची सोय नसे. "थांब लेका, तलाव व्हायचाय अजून," असं ते खरोखरच दरडावत आणि पाहुणा दचकून हात मागे घेई.

आमच्या मुलखातलं काहीच मग त्यांच्या पसंतीला उतरत नसे. एकदा मी त्यांना साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर नेलं. धापा टाकत वर पोचलो, तर काका म्हणाले, "हितं चुली कुटं हायत? तिथं किल्ल्यात मानसं ऱ्हात्यात. बाया तटावर पापड वाळवत्यात." अजिंक्यताऱ्यावर पापड शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. सांगलीच्या गणपतीच्या देवळात तर त्यांनी पुजाऱ्यालाच ऐकवलं, "दगड काळा हाय. पिवळा पायजे हुता." मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मावशीनं हे सगळं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. तिचं एकच मागणं असे, "आवं, येकदा मला दावा तरी." पण कधी ऊसतोड आडवी येई, तर कधी म्हैस व्यायला झालेली असे. इतकं कौतुक असलेला माणूस बायकोला न्यायचं का टाळतो, हे मला उमजत नव्हतं. शेवटी मावशीनं मलाच तिकिटं काढायला लावली आणि आम्ही तिघं निघालो.

स्टेशनाबाहेर पडताच समोर किल्ला दिसला, उन्हात सोन्यासारखा पिवळा. काका जागच्या जागी थबकले. बराच वेळ बघत राहिले आणि मग टांगेवाल्याला म्हणाले, "भय्या, तालाब किधर है?" मला घेरी यायचीच बाकी होती. ज्या तलावापायी आमची इतकी आमटी गार झाली, त्याची वाटसुद्धा या माणसाला ठाऊक नव्हती!

"तुमी हितं कंदी आलाच न्हवता?" मावशीनं विचारलं.

"न्हाई," काका खाली बघत म्हणाले. "आमच्या गाड्या लांबनंच जायच्या. माझा जोडीदार हितला. रोज गाडीत त्योच सांगायचा. म्हनायचा, लढाई सपली की तुला दावतो. त्यो ऱ्हायला न्हाई."

"मग इतकी वर्सं मला खोटंच सांगितलं व्हय?" एवढं बोलून मावशीनं तोंड फिरवलं.

विचारत विचारत आम्ही किल्ल्यात जोडीदाराच्या घरी गेलो. तटावर खरोखरच पापड वाळत होते. घरी त्याची म्हातारी आई होती. पलूसचं नाव ऐकताच ती उठून उभी राहिली आणि आमच्याच गावाची स्थळं आम्हाला सांगू लागली. मी ऐकून मावशीला मराठीत सांगत होतो. हत्ती लपेल एवढा ऊस, भर उन्हाळ्यात पोरं सूर मारतात ती पायऱ्यांची विहीर, आणि काकांच्या बायकोच्या हातच्या पुरणपोळ्या. "माझा मुलगा स्वतः जाऊन आला होता," म्हातारी अभिमानानं म्हणाली. "शेवटच्या सुट्टीत त्यानंच सांगितलं."

मी हादरलो. तो कधीच पलूसला आला नव्हता. काकांनी मान खाली घातली. मावशीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

मावशीनं म्हातारीचा हात हातात घेतला. "व्हय तर. आला हुता की! पोळ्या खाल्ल्या, हिरीच्या पायरीवर बसला. लय गुनाचं पोरगं."

हे हिंदीत सांगायचं काकांकडे आलं. फौजी हिंदी घडाघडा बोलणारा माणूस, पण ती चार वाक्यं काही केल्या त्यांच्या तोंडून पुरी होईनात.

परतल्यावर काकांनी पुन्हा भाकरी उभी केली नाही. आम्हाला आमटी गरम मिळू लागली, पण खरं सांगतो, तिची चव गेली. पाहुणे आले की आता मावशीच त्यांना विहिरीवर नेई. "ही पायरी बगा," ती सांगे. "ह्यांचा जैसलमेरचा दोस्त हितं बसला हुता."

काका जवळच उभे असत. पाण्याला उतरताना तेवढी एक पायरी ते ओलांडून जात.