उंचीप्रमाणे लावलेले खडक

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेतलेली रजा संपवून ती कामावर परतली, गोदामातला दिवा लावला आणि हातातली पिशवी टाकून खोक्यांकडे धावली.

ऑफिसात तिला सगळे दगडूताई म्हणत. तेलाची विहीर खोदताना मधून खडकाचा जो लांब दांडा कापून वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. असे कोअर तपासण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. वाळूचे थर दाबले जाऊन त्यांचा खडक होतो आणि कणांमधल्या फटींत तेल मुरून बसतं. कुठल्या थरात फटी मोकळ्या आणि कुठे बुजलेल्या, हे कळल्याशिवाय पुढचं काम ठरत नाही. म्हणून कोअरचे तुकडे वरून खाली जसे निघाले तशाच क्रमाने खोक्यांत ठेवलेले असत, आणि प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू दाखवणारा बाण असे.

आता खोकी रंगवून चकचकीत झाली होती. तुकडे ब्रशने घासून धुतले होते. लांब एकीकडे, आखूड एकीकडे, तांबूस वेगळे, करडे वेगळे. बाण एकावरही उरला नव्हता.

विभागप्रमुखांनी सांगितलं की वरिष्ठ पाहुणे येणार होते, म्हणून जरा नीटनेटकं करून घेतलं. मग तिची समजूत काढली, "अहो, दगडच आहेत ना? कुठे पळून गेलेत का?"

"साहेब, तुमच्या पुस्तकाची शिवण उसवून कुणी पानं पत्त्यांसारखी पिसली तर वाचाल तुम्ही?"

"पण पाहुण्यांना फार आवडलं," साहेब म्हणाले. वर, हे कोअर ज्या जुन्या विहिरीतले, तिचं पुढे काय करायचं याचा अहवाल ठरल्या तारखेलाच हवा, अशी आठवणही करून दिली.

त्या जुन्या विहिरीतून दुसरा कोअर मिळणार नव्हता. फोटो होते, पण धूसर आणि निम्म्याच खोक्यांचे. मदतीला माणूस मागितला, तर रंगकामातच सगळे पैसे संपले असं उत्तर आलं. तिने जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि तुकडा तुकडा जुळवायला बसली. मोडलेली कड मोडलेल्या कडेत बसते का ते बघायचं. वाळूच्या तिरप्या रेषा वरच्या टोकाला छाटल्यासारख्या दिसतात आणि खाली हळूच वळतात, त्यावरून उलटसुलट ठरवायचं. सकाळभर खपून एक खोकं व्हायचं, आणि दुपारी त्यातला एक तुकडा दुसऱ्याच थरातला निघायचा.

त्यात सासूबाई. नवरा जहाजावर, घरी दुसरं कुणी नाही, आणि डोळ्यांत दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालायचे. शेवटी ती त्यांना गोदामातच घेऊन येऊ लागली. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत बसत आणि गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"अगं, एवढा घट्ट दगड. यात तेल शिरेलच कसं?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांना पटेना. शेवटी वैतागून तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या आई, तुम्हीच टाकून बघा थेंब."

थेंब खडकात जिरला. सासूबाई हरखल्या. मग काय, दिसेल त्या तुकड्यावर थेंब. वाकू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून त्या तुकडे मांडीवर मागून घेऊ लागल्या. आता जुळवणं सोडून तुकडे उचलून देत बसायचं काय, असं तिच्या मनात आलं, पण निदान प्रश्न थांबले होते.

"हा पीत नाही गं," त्या एकदा म्हणाल्या.

तिने न बघताच सांगितलं की चिखलाचा थर असेल. सासूबाईंनी तुकडा पुढे धरला. चिखलाचा नव्हता. इतरांसारखाच वाळूचा खडक, तोच रंग, तेच कण, आणि वर थेंब मण्यासारखा उभा. तिने ॲसिडचा थेंब टाकला तसा फेस आला. चुन्याने फटी गच्च बुजल्या होत्या.

हातातलं काम टाकून तिने आधी जुळवलेल्या सगळ्या तुकड्यांवर थेंब टाकले. असा चुन्याचा पट्टा थराच्या मधोमध निघाला. जुन्या नोंदीत तो सगळा एकच जाड थर म्हणून लिहिलेला होता, आणि तीही वर्षानुवर्षं तेच धरून चालली होती. म्हणजे पट्ट्यावरचं तेल उपसलं गेलं, खालचं अडकूनच राहिलं. नवी विहीर खोदण्यापेक्षा, कोअर काढून झाल्यावर सिमेंटने बुजवलेला तळ फोडून जुनीच खाली नेली तर काम होणार होतं.

तिला आनंद झाला, पण त्याच्या मागोमाग संतापही. तळाची खोकी काही केल्या जुळली नाहीत. पट्टा नेमका किती जाड, ते तिला छातीठोकपणे सांगता येईना, आणि अहवालात तिने तसं लिहिलं. साहेबांनी ते वाक्य काढायला सांगितलं. शंका कशाला लिहायची, असं त्यांचं म्हणणं.

"शंका माझी नाही साहेब, तुमच्या ब्रशची आहे," ती म्हणाली, आणि वाक्य राहू दिलं.

अहवाल मान्य होऊन खोदकाम सुरू झालं, आणि पट्टा तिच्या अंदाजापेक्षा बराच जाड निघाला. मध्येच काम थांबवायची भाषा सुरू झाली, रोज तिला जाब विचारला गेला. ती रोज तेच सांगत राहिली की अजून खाली जा. शेवटी तेल लागलं. अमाप नाही, पण विहीर पुन्हा चालू ठेवण्याइतकं. सत्कार विभागाचा झाला. भाषणात साहेबांनी गोदामाच्या स्वच्छतेचा उल्लेख केला आणि ती चहाचा कप घेऊन बाहेर निघून गेली.

पुढच्या आठवड्यात हुकूम आला, बाकीच्या सगळ्या विहिरींचे कोअरही असेच तपासा. तिने पुन्हा माणूस मागितला.

"तुमच्या सासूबाई येतात की," साहेब म्हणाले.

चेष्टा नव्हती. ते खरंच सुचवत होते, आणि सासूबाईंसाठी गेटपासची सोय करून देतो म्हणाले.