रहेमान पिंजाऱ्याचा राहिलेला ठोका

रहेमान पिंजारी स्वतःच्याच पिंजणाला घाबरला, हे भद्रकालीच्या जुन्या वस्तीत कुणाला सांगून पटणार नाही. बाहत्तर वर्षांचा हा माणूस, उभी हयात कापूस पिंजण्यात गेली. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं लाकडी धनुष्य. ते आढ्याला दोरीनं टांगायचं, त्याच्या तातेवर, म्हणजे ताणून बांधलेल्या आतड्याच्या दोरीवर, लाकडी मोगरीनं ठोका द्यायचा आणि थरथरत्या तातेनं कापूस फुलवायचा. धुंऽऽ टक्, धुंऽऽ टक्. हा आवाज आळीत घुमला की बाया समजून जायच्या, कुणाकडं तरी लग्न निघालंय, गाद्या भरायला पिंजारी बसलाय. सनई नंतर वाजायची, पिंजण आधी.

मग पिंजायचं यंत्र आलं, मागून फोमच्या गाद्या आल्या, आणि पिंजण भिंतीवर खिळ्याला लागलं. रहेमान जावयाच्या दुकानात बसून उशांना टाके घालू लागला.

त्याची नात अरिबा कॉलेज रोडला, एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत काम करते. भुताखेतांच्या सिनेमांचे ट्रेलर असतात ना, त्यांचे आवाज ती बनवते. रहेमानला हा सगळा पोरखेळ वाटायचा. "भूत दावून माणसं भिववायची, त्यात काय लय मोठं?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. शेवटी अरिबानं एके दुपारी त्याला धरून नेलं आणि खुर्चीत बसवलं. आधी आवाज बंद करून चित्र दाखवलं. रिकामा व्हरांडा, झोपाळा, पाठमोरी बाई. रहेमाननं जांभई दिली. मग तेच चित्र आवाजासकट लावलं, आणि म्हाताऱ्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"भूत कुठंय पण?" त्यानं विचारलं.

"भूत नाहीच आहे, नाना. ते तुमच्या कानांनी बनवलं. डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार?"

पोरीचं काम पोरखेळ नाही, एवढं रहेमानला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आठवडाभरानं अरिबाच अडचणीत आली. सिनेमाची दिग्दर्शिका मंजुषा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिनं तीन वेळा ट्रेलर परत पाठवला. "हे असले दणदणाट सगळीकडे असतात. मला कुणी न ऐकलेला आवाज पाहिजे. शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर मी काम मुंबईला देते." अरिबाचं हे पहिलं स्वतंत्र काम होतं. ती आजोबांच्या घरी येऊन बसली आणि बसल्याबसल्या तिची नजर खिळ्यावरच्या पिंजणावर गेली.

रहेमान आधी साफ नाही म्हणाला. लग्नघरचा शकुनाचा आवाज भुताच्या तोंडी कसा द्यायचा? पण नातीचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. त्यानं पिंजण उतरवलं, सर्द झालेली तात शेगडीवर शेकली, आणि ते धूड, निम्मं बाहेर काढून, रिक्षातून कॉलेज रोडला नेलं. छताच्या हुकाला दोर बांधून पिंजण टांगलं आणि ठोका दिला.

अरिबानं तो आवाज रेकॉर्ड केला, कॉम्प्युटरवर आठपट हळू केला आणि आजोबांच्या कानाला हेडफोन लावला.

रहेमान घाबरून एक पाऊल मागं सरला. तातेच्या पोटात एक खोल घरघर होती, तिच्या मागं कुणी तरी लांबून विव्हळत होतं, आणि सगळ्यात शेवटी एक श्वास होता, चक्क माणसाचा वाटावा असा. पन्नास वर्षं त्यानं ही तात वाजवली होती. तिच्या आत एवढं सगळं भरलंय, आणि आपण नुसते कापूस उडवत बसलो! त्याचे डोळे भरून आले. "या अल्ला, हे सगळं आधीपासून होतं हिच्यात?"

"होतं, नाना. तुम्ही घाईत होता." अरिबा हसली. "आता एकच ठोका मारा. दुसरा नको. दुसऱ्याची वाट बघतानाच माणूस खरा घाबरतो."

इथं घोडं पेंड खाऊ लागलं. पहिला ठोका पडला की रहेमानचा हात आपसूक दुसरा मारायचा. आठ वेळा झालं, नऊ वेळा झालं. "अगं, दुसऱ्यासाठीच तर पहिला मारतात," तो वैतागून म्हणाला. आणि एकाएकी मोगरी मांडीवर ठेवून खाली बसला.

"एकदाच थांबलाय हा हात," तो म्हणाला. "तुझी आई पाळण्यात होती तवा."

देवळ्याला एका कांदा व्यापाऱ्याकडं तो लग्नाच्या गाद्या भरत होता. नवरी चंद्रभागा, एकोणीस वर्षांची, समोरच बसली होती. उडालेला कापूस तिच्या केसांत बसला होता आणि ती हसत होती. रहेमाननं ठोका दिला, तोच दारात माणूस निरोप घेऊन आला. सटाण्याला पत्रिका वाटायला गेलेला तिचा भाऊ ट्रकखाली सापडून गेला होता. दुखवट्याच्या घरात पिंजण वाजवत नाहीत, म्हणून रहेमाननं थरथरत्या तातेवर तळवा ठेवला. आवाज गपकन मेला. मग त्या घरात पहिली किंकाळी फुटेपर्यंत जी शांतता होती, तशी त्यानं पुन्हा कधी ऐकली नाही.

"अशी दाबलेली तात तशीच सोडायची नसते," रहेमान म्हणाला. "चाळीसावा दिवस झाला की त्याच पिंजाऱ्यानं जायचं, राहिलेला ठोका द्यायचा, गादी पुरी करायची. म्हणजे घराचं दुःख उठलं. माझ्या बापानं घालून दिलेली रीत. मी गेलो नाय. त्या पोरीला तोंड दाखवायची हिंमत झाली नाय."

रहेमान उठला. त्यानं एक ठोका दिला, दोन श्वास थांबला, आणि तातेवर तळवा ठेवला. आवाज चिरडला गेला. अरिबाच्या अंगावर सरसरून काटा आला.

"मिळालं, नाना," ती कुजबुजली.

"मशीन बंद करू नको," रहेमान म्हणाला, आणि त्यानं दुसरा ठोका दिला.

मंजुषाबाईंनी ट्रेलर एका झटक्यात पसंत केला. पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला अरिबा आजोबांना थिएटरात घेऊन गेली. पडद्यावर व्हरांडा आला, झोपाळा आला. घरघर सुरू झाली तशी माणसं खुर्चीत आक्रसली. मग ठोका, आणि आवाज गपकन बंद. कुणी पॉपकॉर्नसुद्धा चावेना. रहेमानचा उजवा हात गुडघ्यावरून आपोआप वर उचलला गेला. सिनेमाचं नाव आलं, पडदा काळा झाला, सुटलो बुवा म्हणून लोकांनी श्वास सोडला, आणि त्या काळोखात दुसरा ठोका पडला. धुंऽऽ टक्!

सगळं थिएटर किंचाळलं. पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गडी बायकोला जाऊन बिलगला. अख्ख्या थिएटरात एकटा रहेमान तेवढा खुर्चीत सैल झाला. इतकी वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी मोकळं झालं होतं, आणि ते ऐकून चारशे माणसं भ्यायली होती. त्यानं नातीचा हात धरला. "पण गादी राहिलीच की गं," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी देवळ्याच्या एसटीत ते लांबलचक धनुष्य बघून कंडक्टर खेकसला, "बाबा, हे काय आणलंय?"

"पिंजण हाय," रहेमान म्हणाला. "देवळ्याला एक गादी अर्धी राहिलीय."