रित्या ऐरणीवरचा घण

सौंसरच्या बाजारात कवडू लोहाराची भट्टी शोधायला पत्ता लागत नसे. आवाजाच्या मागे चालत गेलं की झालं. यंदा दसऱ्याच्या तोंडावर मात्र तो आवाजच बंद पडला.

झालं असं, की बाप गेल्यावरही कवडू आणि त्याचा थोरला भाऊ शालिकराम एकाच ऐरणीवर काम करत होते. मग शालिकरामने मोहगावला आपल्या मुलांसोबत वेगळी भट्टी मांडली आणि बापाची ऐरण गाडीत घालून नेली. रीतच आहे, ऐरण थोरल्याची. कवडू काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. जाताना शालिकराम म्हणाला, "दसऱ्याच्या पूजेपर्यंत तुयी ऐरण झाली त बरं. नाही त मी येतो तुले घ्याले. माह्या हाताखाली काम हायच."

हाताखाली! ऐरणीपेक्षा तो शब्द जड होता. शिवाय मोहगावला घण मारायला शालिकरामची दोन धट्टीकट्टी पोरं होती, आणि कवडूकडे घण मारते ती त्याची बायको अंबाबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून कवडू सांडशीत लाल लोखंड धरतो, हातोडीने जागा दाखवतो आणि अंबाबाई नेमका तिथेच घण घालते. दोघांमध्ये बोलणं कमी, ठोका जास्त. "मोहगावले मी काय करू?" तिने विचारलं.

तेवढ्यात भंगारवाल्या पुंडलिकरावांकडे एक पोलादी ठोकळा सापडला. बंद पडलेल्या गिट्टीच्या क्रशरमधला, दगड चावणाऱ्या जबड्याचा तुकडा. एका माणसाला हलेना एवढा जड. एका अंगाला दात, दुसरं अंग सपाट. "कवडू, याच्यावर डोंगर फुटले," पुंडलिकराव म्हणाले. "तुहे विळे काय चीज हाय!" कवडू हरखला. ठोकळा घरी आणला, दातांची बाजू खाली घालून बाभळीच्या बुंध्यावर ठेवला, आणि तिथून त्याच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

सपाट बाजूवर लाल लोखंड ठेवून अंबाबाईने घण घातला, तर विळा राहिला बाजूलाच, ठोकळ्यालाच खड्डा पडला. डोंगर फोडणारं पोलाद आणि विळ्यापुढे लोणी! आवाजही असा, की ओल्या पोत्यावर काठी मारावी. कवडूने चुंबक लावून पाहिलं. चुंबक चिकटेना. ठोकळा बुंध्याला पक्का करायचा म्हणून शेजारच्या वेल्डिंगवाल्या मयूरला भोकं पाडायला सांगितलं, तर त्याची ड्रिलची पाती एकामागून एक बोथट झाली. मयूर वैतागला. "काका, हे घणाखाली मऊ अन् ड्रिलखाली वज्र. हे हाय तरी काय?"

"तेच त मी तुले इचारून राहिलो," कवडू म्हणाला.

शेवटी त्याने लोहाराचं जुनं औषध काढलं. कोळशाचा ढीग लावला, दोन पंखे जोडले, ठोकळा पिवळाधमक तापवला आणि मयूरच्या मदतीने पाण्याच्या ड्रममध्ये सोडला. पाणी दिलं की पोलाद कडक होतं, हे त्याला बापाने शिकवलेलं. पण ठोकळा पाणी प्याला आणि जास्तच मवाळ झाला. दातांच्या ज्या बाजूवर आधी कानस घसरत होती, तीही आता ओरखडे घ्यायला लागली. कवडूला रडू यायचं बाकी होतं. जन्मभर ज्या लोखंडाची भाषा आपल्याला येते असं वाटलं, ते आता ओळखच देईना. शनिवारी जामसांवलीला जाऊन त्याने मारुतीला नारळ फोडला आणि हात जोडून एवढंच विचारलं, की देवा, हे लोखंड आहे का नाही ते तरी सांग. तिथला मारुती मूर्तीतच आडवा निजलेला. कवडू तसाच परत आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "हे ऐरण नव्हंच. निरा धोंडा हाय. देतो पुंडलिकरावले वापस, अन् उद्या दादासंगं जातो मोहगावले."

अंबाबाई उठली, पदर खोचला, घण उचलला आणि त्या ठोकळ्यावर घातला. वर लोखंड नाही, काही नाही. नुसता घण.

रित्या ऐरणीवर घण घालणं म्हणजे लोहाराच्या घरात मोठं पाप, घरातलं माणूस जातं म्हणतात. "अवं, रित्या ऐरणीवर? येडी झाली का?"

"कोठी हाय ऐरण?" ती ओरडली. "आत्ताच त म्हनले, धोंडा हाय. धोंड्याले कायची रीत जी?" आणि तिने पुन्हा घातला. थोरला भाऊ बोलावतो म्हणून इतक्या वर्षांच्या जोडीदारणीला सोडून देणारा नवरा, त्याची ऐरण नेणारा भाऊ, सगळ्यांचा राग त्या ठोकळ्यावर निघाला. मधूनच रडत होती, पण घण थांबत नव्हता. सपाट अंगाची एकही जागा तिने सोडली नाही.

कवडू तिला आवरायला उठला आणि अर्ध्यात थांबला. आवाज बदलत होता. ओलं पोतं गेलं, टणक ठोका आला, मग खणखणीत. घण आता रुतत नव्हता, उलटा उसळत होता. कवडूने कानस घेतली आणि घासली. कानस घसरली.

मारानेच कडक होणारं पोलाद असतं; त्याला पाणी दिलं की ते मऊ पडतं. क्रशरचे जबडे त्याचेच असतात. हे कवडूला कोणी सांगितलं नव्हतं, अजूनही ठाऊक नाही. ज्या रितीने ऐरण जपायची, तीच रीत पाळून त्याने तिला ऐरण होऊ दिलं नव्हतं, हे त्याला कसं कळावं?

दसऱ्याला शालिकराम आला तेव्हा ठोकळ्याला हळद-कुंकू लागलेलं होतं. त्याने हातोडीने टिचकी मारून ऐकलं, पुन्हा वाकून ऐकलं. "कोणतं पानी देल्लं रे?"

कवडूने बायकोकडे पाहिलं. ती पदर सावरून भाता बघत असल्यासारखी उभी होती.

"मले नाही समजलं, दादा," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. "पन मी मोहगावले नाही येत. माह्यी घण मारनारी इथं हाय."

त्याने भट्टीतून लाल पातं काढून ऐरणीवर धरलं आणि हातोडीने जागा दाखवली. अंबाबाईने घण उचलला.