गुरुजींचं काम

ओल्या लाकडाचा वास आला की वैनगंगेवरचा तो डोंगा आठवतो. पंचावन्न-छप्पन साली मी आरमोरीकडे नवा मास्तर होतो. गाव सुगीला नावाड्याला धान द्यायचं, म्हणून डोंग्यात कुणालाच पैसे पडत नसत. मी नुसती नदी बघायला पलीकडे जाऊन यायचो. एकदा डोंगा भरला, तेव्हा बाळंतीण लेकीसाठी गरम भाताचं गाडगं घेऊन निघालेली म्हातारी आपणहून उतरली. "गुरुजीले काम असन. मी पुढच्या खेपेले जाईन." मी तिच्या जागी बसून बगळे बघत राहिलो. परतलो तेव्हा ती काठावरच, गार झालेलं गाडगं पदराखाली धरून. "झालं का काम, गुरुजी?" तिनं मायेनं विचारलं. मी "हो" म्हणालो. जन्मभर पुष्कळ खोटं बोललो असेन. आठवतं ते एवढंच.