मिस्त्रीच्या टेबलावरची मोटर

ती घटना आज आठवली तरी मी खुर्चीतून अर्धा उठतो! नव्वदच्या दशकात मी जुन्नर भागात फौजदार होतो. निमगाव साव्याच्या एका बागायतदाराच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. तिसऱ्याच दिवशी तशीच मोटर मी एका माणसाकडून जप्त केली. डोंगराकडून येऊन वाट्यानं शेती करणारा गडी. बाजारातून जुनी घेतली, एवढंच तो म्हणत राहिला. पावती नव्हती. बागायतदारासमोर मी ती एकच मोटर ठेवली आणि विचारलं, हीच का? त्यानं रंग बघून मान डोलावली. कोर्टात दोन वर्षांची शिक्षा लागली आणि मी कॉलर ताठ करून फिरू लागलो.

तो अपिलात गेला, जामिनावर सुटला. जप्तीनंतर दीड वर्षानं अपिलाची तारीख लागली. ती दोन दिवसांवर असताना ठाण्यात फोन वाजला. मंचरला जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा मिस्त्री बोलत होता.

"साहेब, निमगावची चोरीची मोटर माझ्या टेबलावर उघडी पडलीया. मागं मीच भरून दिली व्हती. पंख्याखाली पाचर म्हनून छिन्नीचा तुकडा घासून बसवला व्हता, त्यो जागेवर हाय. मग कोर्टात कुणाची मोटर दावली तुमी?"

पायाखालची जमीनच सरकली. जीप काढली ती थेट मंचर! मोटर टाकून गेलेलं गिऱ्हाईक दुपारी न्यायला आलं, तेव्हा मी साध्या कपड्यांत बाकावर बसलो होतो. ज्याची मोटर जळते तो आधी लाईटच्या नावानं बोटं मोडतो. हा गप्प. सहज विचारलं, विहिरीत पाईप किती सोडलेत? पठ्ठ्या ततपप करायला लागला. त्याला विहीरच नव्हती! दीड वर्ष कडब्यात लपवून ओल धरलेली मोटर भरून विकायचा त्याचा बेत होता. दिवस मावळायच्या आत त्यानं पंचांसमोर निमगावची विहीर दाखवली.

वरिष्ठ म्हणाले, जिंकलेली केस कशाला उकरतोस, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्याही मनात ते क्षणभर आलं, खोटं कशाला बोलू? पण तो गडी परवा तुरुंगात गेला असता. मी उठलो आणि सरकारी वकिलांपुढे सगळं ओकलो.

ते म्हणाले, "हे कळल्यावर शिक्षा कायम करा म्हणून मी उभा राहू शकत नाही. पण ओळख कशी घेतली, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. सांगाल?"

सांगितलं. कोर्टानं मिस्त्रीची आणि माझी जादा साक्ष घेतली. चूक माझी, असं भर कोर्टात म्हणताना कान तापले होते. अपील मंजूर झालं, गडी निर्दोष सुटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं अन् आनंदानं उडावंसं, दोन्ही एकदम वाटलं. बाहेर त्याचे हात धरून माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "माझी मोटर तेवढी द्या. दीड वरीस रान कोरडं हाय."

मुद्देमालाच्या खोलीत ती धूळ खात होती. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'चोरीची मोटर'.

त्यानंतर पाच सारख्या वस्तू मांडल्याशिवाय मी कुणालाही ओळख पटवायला बोलावलं नाही. साहेबांनी दुकान मांडलं म्हणून शिपाई हसायचे. हसू देत.

कोर्टाचा हुकूम घेऊन ती मोटर मीच त्याच्या बांधावर पोचवली. बटण दाबलं, पाणी आलं. मी काही बोलणार, तोवर तो खोरं उचलून वाफ्यांची दारं धरायला निघूनही गेला होता.